संमोहनाने ताण हलका होतो का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ताणतणावावर उपाय म्हणून संमोहन उपयोगी पडते का, या आशयाची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. काहींमध्ये कुतूहल आहे, काहींमध्ये भीती आणि काहींमध्ये अवाजवी आशा. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. पाळी संपवून घरी आल्यावरही यंत्रांचे आवाज कानांत घुमत राहतात, छातीत धडधडते आणि अंथरुणावर पडल्यावर तासन्‌तास झोप लागत नाही. एका सहकाऱ्याने संमोहनाचा मार्ग सुचवला आहे. पण मंचावरचे प्रयोग मी पाहिलेले आहेत, त्यामुळे मनात धास्ती आहे. माझे भान जाईल का? मी नको ते बोलून बसेन का? आणि मुळात याला काही वैद्यकीय आधार आहे का?

उत्तर : प्रथम धास्तीविषयी. संमोहनात भान जात नाही. लक्ष एका ठिकाणी गोळा होते, आजूबाजूच्या गोष्टींची जाणीव मागे सरते आणि दिलेल्या सूचनेला प्रतिसाद देण्याची क्षमता वाढते, एवढेच त्या अवस्थेचे स्वरूप आहे. एखाद्या कामात पूर्ण गढून गेलेल्या माणसाला कोणी हाक मारली तर ती ऐकू येते, पण तिच्याकडे वळावेसे वाटत नाही. तो अनुभव तुमच्या ओळखीचा असेल. उपचारक मध्येच बोलायचा थांबला, तर माणूस थोड्या वेळाने आपणहून डोळे उघडतो किंवा सरळ झोपी जातो. त्या अवस्थेत कोणी कायमचे अडकून पडत नाही. जे सांगायचे नाही ते न सांगण्याची मोकळीकही तुमच्याकडेच राहते.

मंचावरच्या प्रयोगांत दिसते ते वेगळे असते. तेथे प्रयोगकर्ता सुरुवातीलाच प्रेक्षकांतून चटकन प्रतिसाद देणारी आणि चारचौघांत गंमत करायला तयार असलेली माणसे निवडून घेतो, बाकीच्यांना जागेवर परत पाठवतो, आणि उरलेले काम समोर बसलेल्या गर्दीची अपेक्षा करते.

‘संमोहन करणाऱ्याच्या अंगी काही शक्ती असते’ ही समजूत मात्र खूप जुनी आहे. फ्रान्झ अँटन मेस्मर हे वैद्य आपल्यातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह रुग्णाकडे वाहतो असा दावा करीत. फ्रान्सचे राजे सोळावे लुई यांनी १७८४ मध्ये त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे त्याचे सदस्य होते. आयोगाने कसोट्या घेतल्या आणि असा कोणताही प्रवाह नाही, दिसणारा परिणाम रुग्णाच्या कल्पनाशक्तीचा आहे, असा निष्कर्ष काढला. मेस्मर यांची प्रतिष्ठा त्याने संपली. आज मागे वळून पाहता, केवळ कल्पनेने शरीरात एवढे बदल घडतात ही गोष्टच किती मोलाची होती, हे त्या आयोगाच्या ध्यानात आले नाही असे मला वाटते. पुढे १८४० च्या दशकात मँचेस्टरमधील शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी सगळा भर प्रवाहावरून रुग्णाच्या एकाग्रतेवर आणला, आणि आजचे वैद्यकीय संमोहन त्याच वाटेने पुढे आले आहे.

आता आधाराविषयी. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड स्पीगेल यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संमोहनाला उत्तम प्रतिसाद देणाऱ्या ३६ व्यक्तींच्या आणि जेमतेम प्रतिसाद देणाऱ्या २१ व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या होत्या. पहिल्या गटात संमोहनाच्या वेळी, ‘आत्ता कशाकडे लक्ष द्यायला हवे’ याची चाचपणी करणाऱ्या भागाची हालचाल मंदावली. शरीराकडून येणारे संदेश टिपणारा भाग आणि नियोजन करणारा भाग यांच्यातला दुवा बळकट झाला. स्वतःविषयीच्या विचारांशी निगडित असलेल्या जाळ्याशी असणारा संबंध मात्र सैल झाला. घरी आल्यावरही सतत कानोसा घेत राहणाऱ्या तुमच्यासारख्या व्यक्तीला या अवस्थेत हायसे का वाटू शकते, याचा काही अंदाज त्यावरून येतो.

परिणामाचे पुरावे सर्व बाबतींत सारखे भक्कम नाहीत. चिंतेच्या बाबतीत २०१९ मध्ये १७ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात संमोहन मिळालेल्या सरासरी व्यक्तीची चिंता, ते न मिळालेल्या सुमारे ७९ टक्के व्यक्तींपेक्षा अधिक कमी झालेली आढळली. संमोहन एकटे वापरण्यापेक्षा दुसऱ्या मानसोपचाराच्या जोडीने वापरले तर लाभ अधिक होतो, हेही तेथे दिसले. स्तनाच्या शस्त्रक्रियेपूर्वी २०० स्त्रियांवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, केवळ १५ मिनिटांच्या संमोहनाने नंतरची वेदना, मळमळ, थकवा आणि मनाची अस्वस्थता कमी झाली होती. मात्र ज्याला आपण रोजचा ताण म्हणतो, त्याच्याविषयी २०१७ मध्ये झालेल्या आढाव्यात अवघ्या ९ चाचण्या आणि ३६५ सहभागी सापडले, आणि त्यांचा दर्जा पाहता ठाम निष्कर्ष काढता येत नाही असे आढावा घेणाऱ्यांनी नमूद केले. म्हणून ‘ताणावर रामबाण’ अशी जाहिरात करणारा उपचारक उपलब्ध पुराव्याच्या फार पुढे गेलेला असतो.

तुमच्यासाठी संमोहनाचा उपयोग पाळी आणि घर यांच्यामधल्या सीमारेषेवर आहे. रुग्णालयात कान टवकारून असणे ही तुमची गरज आहे. अडचण आहे ती शरीर ती सावधगिरी सोडत नाही ही. कपडे बदलणे, हात धुणे यांसारख्या पाळीच्या शेवटच्या एखाद्या ठरावीक कृतीला ‘माझी जबाबदारी आता दुसऱ्या सक्षम हातांत आहे’ ही सूचना जोडून घेता येते आणि संमोहनात तिचा सराव करता येतो. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. पाळ्या अवाजवी लांब असतील आणि माणसे अपुरी असतील, तर तो प्रश्न वरिष्ठांपुढेच मांडला पाहिजे. अन्याय सोसणे सोपे व्हावे म्हणून संमोहन वापरणे मला मान्य नाही.

प्रश्न : मी एका उपचारकाकडे दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्यांचा शब्द न्‌ शब्द मला ऐकू येत होता, बाहेरची वर्दळही कळत होती. मी ‘गेलो’ असे वाटलेच नाही. माझे मन फार कणखर असल्यामुळे मी संमोहित होत नाही, असे त्यांचे म्हणणे. पैसे वाया गेले असे समजावे का?

उत्तर : शब्द न्‌ शब्द ऐकू येणे हे अपयशाचे लक्षण नाही. बहुतेकांचा अनुभव असाच असतो.

उपचारकांनी दिलेले स्पष्टीकरण मात्र चुकीचे आहे. संमोहनाला प्रतिसाद देण्याची क्षमता मनाच्या कणखरपणावर किंवा दुबळेपणावर ठरत नाही. ती मोजण्यासाठी १९५९ पासून स्टॅनफर्डची मोजपट्टी वापरली जाते. हात जड झाल्याची सूचना दिल्यावर तो खाली येतो का, डास गुणगुणत असल्याचे सांगितल्यावर तो जाणवतो का, तोंडात गोड किंवा आंबट चव उतरते का, अशा कसोट्या तिच्या एका प्रचलित आवृत्तीत आहेत. बहुसंख्य माणसे या पट्टीवर मध्ये कोठेतरी पडतात. अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकाला थोडीच असतात. हा गुण आयुष्यभर बराचसा स्थिर राहतो. विद्यार्थिदशेत तपासलेल्या व्यक्तींना २५ वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांचे गुण आधीच्या गुणांशी लक्षणीय प्रमाणात जुळले होते. कल्पनेत रमून जाण्याची सवय असलेल्यांचे गुण काहीसे अधिक असतात, पण भोळेपणाशी याचा संबंध नाही.

तेव्हा पुढच्या भेटीत ‘खोल गेलो का’ हे पाहू नका. हात जड वाटला का, श्वास संथ झाला का, आणि मुख्य म्हणजे त्यानंतरच्या आठवड्यात तुमच्या तक्रारीत काही फरक पडला का, हे पाहा. चार-पाच भेटींनंतरही यांपैकी काहीच घडले नाही, तर तुम्ही कमी प्रतिसाद देणाऱ्या गटात असण्याची शक्यता आहे, आणि त्यात वाईट वाटून घेण्याजोगे काही नाही. एडमंड जेकबसन यांची, एकेक स्नायू आधी आवळून मग सैल सोडण्याची पद्धत किंवा विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती तुम्हाला तितकीच उपयोगी पडू शकेल. प्रामाणिक उपचारक हे स्वतःहून सांगतो. ‘आणखी दहा भेटी घ्या’ असे म्हणत नाही.

प्रश्न : मोबाइलवर स्वसंमोहनाची ध्वनिमुद्रणे मिळतात. ती ऐकणे पुरेसे आहे का? मला रोज गाडी चालवत लांब जावे लागते, तो वेळ त्यासाठी वापरू का?

उत्तर : गाडी चालवताना मुळीच ऐकू नये. ज्या कामात क्षणभराचे दुर्लक्ष जिवावर बेतू शकते, अशा कोणत्याही कामाच्या वेळी ती बंदच ठेवावीत. एरवी सौम्य ताणासाठी आणि शिकलेल्या गोष्टीच्या सरावासाठी ध्वनिमुद्रण चांगले असते. मात्र तुम्हाला रडू आले, तर ते थांबून ‘काय झाले’ असे विचारू शकत नाही.

प्रश्न : मी विक्री विभागात आहे. वरिष्ठांनी सर्वांसमोर एखादी चूक दाखवली की माझे कान तापतात, शब्द फुटत नाहीत आणि पुढचे दोन दिवस तोच प्रसंग डोक्यात फिरत राहतो. कोणीतरी सांगितले म्हणून ‘मी खंबीर आहे’ हे वाक्य रोज शंभर वेळा म्हणतो आहे. फरक शून्य. संमोहनाने खंबीरपणा येईल का?

उत्तर : ते वाक्य शंभर वेळा म्हणणे आजपासून थांबवा, हे माझे पहिले सांगणे. मानसशास्त्रज्ञ जोअ‍ॅन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, स्वतःविषयी कमी आदर असलेल्या माणसांनी ‘मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे’ यासारखे वाक्य घोकले, तर ते न घोकणाऱ्या तशाच माणसांपेक्षा त्यांना अधिक वाईट वाटते. जे पटत नाही ते उच्चारले की मन लगेच उलटे पुरावे गोळा करू लागते. संमोहनातही हा नियम बदलत नाही. सूचना खोटी वाटली, तर एकाग्र झालेले मनही ती बाजूला सारते.

दुसरे म्हणजे, खंबीर माणसाला लागत नाही असे नाही. त्यालाही लागते; पण तो लवकर सावरतो. तुमच्या पत्रातला महत्त्वाचा तपशील ‘दोन दिवस’ हा आहे. कान तापणे एका झटक्यात थांबणार नाही, पण दोन दिवसांचा एक दिवस होणे आणि एका दिवसाची एक संध्याकाळ होणे पूर्णपणे शक्य आहे. ध्येय एवढेच ठेवले, तर सूचनाही खरी वाटेल अशी बांधता येते. ‘मला लागेल, आणि तरी मी श्वास सोडून एक वाक्य नीट बोलेन’ हे मनाला पटते. ‘मला काहीच वाटणार नाही’ हे पटत नाही.

वैद्यकीय संमोहनात या कामाची जुनी परंपरा आहे. ब्रिटिश डॉक्टर जॉन हार्टलंड यांनी १९६० च्या दशकात आत्मबळ वाढवणाऱ्या सूचनांचा एक ठरावीक मजकूर रचला होता. मूळ तक्रारीवर काम सुरू करण्यापूर्वी ते रुग्णाला शांतपणा, एकाग्रता आणि स्वतःवरचा विश्वास यांविषयीच्या सूचना देत. आजचे उपचारक सरसकट मजकुराऐवजी रुग्णाच्याच आयुष्यातला, तो नीट सावरला होता असा प्रसंग निवडतात. तसा प्रसंग प्रत्येकाकडे असतो, फक्त अडचणीच्या वेळी तो आठवत नाही.

घरी करायचा सराव असा. दिवसाची एक ठरावीक वेळ निवडा आणि दहा ते पंधरा मिनिटे कोणी हाक मारणार नाही अशी व्यवस्था करा. खुर्चीत टेकून बसा, समोरच्या एखाद्या ठिकाणी नजर लावा आणि पापण्या जड झाल्या की त्या मिटू द्या. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. मग पायांपासून वर येत, प्रत्येक अवयव जड आणि उबदार होत आहे असे मनात म्हणा. जर्मन डॉक्टर योहान्स शुल्ट्झ यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीतही जडपणा आणि ऊब याच दोन सूचनांनी सुरुवात होते. शरीर सैल झाले की तुम्ही सावरला होता तो प्रसंग उभा करा. कोठे उभे होता, आवाज कसा होता, पाठ कशी होती हे तपशिलात पाहा, आणि ती भावना स्पष्ट झाली की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हलकेच दाबा. काही दिवस एवढेच करा. बोटे जुळवल्यावर त्या भावनेचा थोडा तरी अंश आपोआप येऊ लागला, की मग वरिष्ठांच्या बैठकीचा प्रसंग आणा, तोही आधी सौम्य स्वरूपात. कान तापू द्या, बोटे जुळवा, श्वास सोडा, आणि ‘मी ही आकडेवारी तपासून संध्याकाळपर्यंत कळवतो’ यासारखे एक साधे वाक्य मनात शेवटपर्यंत बोला. प्रसंग पुढे नेऊन बैठक संपलेली, तुम्ही दुसऱ्या कामाला लागलेले, असेही पाहा. हा शेवटचा भाग बहुतेक लोक गाळतात आणि नेमकी तिथेच चूक होते, कारण तुमची अडचण बैठकीपेक्षा बैठकीनंतरच्या दोन दिवसांत आहे. शेवटी पाचपासून एकपर्यंत उलटे मोजत, हातपाय ताणून डोळे उघडा.

यात गूढ काही नाही. तुम्ही सध्याही मनातल्या मनात तालीम करताच. फक्त ती अपमानाची असते आणि दोन दिवस चालते. संमोहनात तालीम दुसऱ्या प्रसंगाची होते, आणि लक्ष एकवटलेले असल्यामुळे शरीरही तिच्यात भाग घेते.

प्रगती मोजण्यासाठी वहीत प्रत्येक प्रसंगानंतर एकच नोंद करा : पुन्हा कामात मन लागायला किती वेळ गेला. महिना-दीड महिन्यात हा काळ घटला नाही, तर समुपदेशकाची मदत घ्या. आणि वरिष्ठ खरोखरच सर्वांदेखत अवमान करीत असतील, तर त्यांच्याशी एकांतात स्पष्ट बोलण्याची तालीमही याच पद्धतीने करता येते.

प्रश्न : माझी धाकटी बहीण सतत उदास आणि घाबरलेली असते. एका संमोहनतज्ज्ञाच्या मते तिच्या बालपणी काहीतरी भयंकर घडलेले असावे, तिला आठवत नाही, आणि संमोहनात तिला मागे नेऊन ते बाहेर काढले की ताण मुळापासून जाईल. तिला पाठवावे का?

उत्तर : या कामासाठी पाठवू नये.

स्मृती साठवून ठेवलेल्या चित्रफितीसारखी नसते. आठवताना ती दर वेळी नव्याने रचली जाते. संमोहनात कल्पना ठसठशीत होते आणि सूचनेचा प्रभाव वाढतो. त्यामुळे ‘काहीतरी भयंकर घडलेले असावे’ असे आधीच ऐकलेल्या माणसाला तसे काहीतरी दिसू लागण्याचा धोका मोठा असतो. जे दिसते त्यावर त्याचा विश्वासही पक्का बसतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५ मध्ये, संमोहनातून मिळालेल्या आठवणी साध्या आठवणींहून अधिक अचूक नसतात, उलट कमी विश्वासार्ह असू शकतात, असा अहवाल दिला. त्याआधी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा साक्षीवर कडक मर्यादा घातल्या होत्या. खोट्या आठवणींमुळे कुटुंबे दुभंगली आणि निरपराध माणसांवर आरोप झाले, हा १९८० आणि १९९० च्या दशकांतला अनुभव अजून जुना झालेला नाही.

बालपणी खरोखरच आघात झालेले लोक असतात आणि त्यांना मदत लागते, यात शंका नाही. पण ती मदत त्यांना जे आठवते त्याच्यापासून सुरू होते. न आठवणारे खणून काढण्याचे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहा. तुमच्या बहिणीची उदासी आणि भीती यांची आधी मानसोपचारतज्ज्ञाकडून रीतसर तपासणी व्हायला हवी. निदान होण्यापूर्वीच कारण सांगून टाकणाऱ्या माणसाकडे ती सोपवू नका. ती स्वतः या सूचनेमुळे आणखी घाबरली असेल, तर ‘असे काही घडलेच असेल असे नाही’ हे तुम्ही तिला सांगितले तरी तिला बराच धीर येईल.

प्रश्न : मला नैराश्यासाठी गोळ्या सुरू आहेत. पूर्वी एकदा भास होण्याचा त्रास झाला होता, आता तो नाही. संमोहन घेतले तर चालेल का? मी ज्यांच्याकडे चौकशी केली, ते म्हणाले की संमोहन सुरू केल्यावर गोळ्यांची गरज उरणार नाही.

उत्तर : पूर्वी भास झालेले असताना, तुमचे मानसोपचारतज्ज्ञ ‘हो’ म्हणत नाहीत तोपर्यंत संमोहन घेऊ नये. वास्तव आणि कल्पना यांची सीमा एकदा धूसर झालेली असेल, तर कल्पना तीव्र करणारी कोणतीही पद्धत जपूनच वापरावी लागते. त्यांनी परवानगी दिली, तर संमोहन करणारी व्यक्ती मानसशास्त्र किंवा वैद्यक यांचे शिक्षण घेतलेली असावी आणि तिने तुमच्या डॉक्टरांशी संपर्क ठेवावा. निवड करताना मी एकच कसोटी लावतो : संमोहन येत नसते, तरी हा माणूस माझ्या आजारावर उपचार करायला पात्र ठरला असता का? ज्या आजाराचे शिक्षण नाही, त्याच्यावर केवळ संमोहन येते म्हणून उपचार करणे योग्य नव्हे.

गोळ्यांविषयी त्या गृहस्थांनी दिलेला सल्ला धोकादायक आहे. नैराश्यावरच्या काही गोळ्या अचानक बंद केल्यास चक्कर, बेचैनी, झोप उडणे असे त्रास होतात, आणि मूळ आजार उलटण्याची भीती असते ती वेगळीच. मात्रा कमी करायची असल्यास ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने केली जाते. तुम्ही आधीच काही गोळ्या चुकवल्या असतील, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता आजच डॉक्टरांना कळवा. स्वतःला इजा करण्याचे विचार मनात येत असतील, तर ते घरच्यांना लगेच सांगा आणि त्यांच्यापैकी कोणाला तरी सोबत घेऊन तातडीने रुग्णालयात जा.